शांतिनिकेतनातील ‘श्यामली’ आणि आपली माळवदे

बालाघाटी

निवृत्त झाल्यापासून शांतिनिकेतन पाहण्याची इच्छा होती आणि ती या जानेवारीत पूर्ण झाली. नांदेडहून सांत्रागाछीला जाणाऱ्या गाडीने आम्ही उभयता निघालो, कोलकात्याला दोन दिवस थांबलो आणि मंगळवारी संध्याकाळी बोलपूरला उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आवरून रवींद्रनाथांच्या घरांच्या फाटकापाशी गेलो, तर फाटक बंद. विश्वभारती विद्यापीठाची साप्ताहिक सुटी रविवारी नसून बुधवारी असते, कारण रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ यांच्या काळापासून तिथल्या ब्राह्मो उपासनेचा वार बुधवार आहे, हे मी पूर्वी वाचलेले होते आणि निघताना नेमके विसरलो होतो. तीस वर्षे मुलांना ‘पाठ नीट वाचा’ असे बजावणाऱ्या माणसाची ही अवस्था पाहून पत्नीला झालेला आनंद तिने अंबाजोगाईला परतेपर्यंत पुरवून पुरवून वापरला.

गुरुवारी आत गेलो. त्या आवाराला ‘उत्तरायण’ म्हणतात आणि तिथे कवीचे एक घर नसून पाच घरे आहेत: उदयन, कोणार्क, श्यामली, पुनश्च आणि उदीची. रवींद्रनाथांना एका घरात फार काळ करमत नसे. एक घर बांधून व्हावे, त्यात काही महिने लिहावे आणि मग शेजारी दुसऱ्या घराची आखणी सुरू व्हावी, असा क्रम शेवटच्या वीस वर्षांत चालू राहिला. सर्वांत मोठे घर उदयन. ते टप्प्याटप्प्याने वाढत गेल्यामुळे त्यातील दालनांच्या पातळ्या एकसारख्या नाहीत. पाहुणे, नाटकांच्या तालमी आणि सभा यांचा राबता तिथेच असे. घरांच्या आखणीत पुत्र रथींद्रनाथ आणि सुरेंद्रनाथ कर यांचा मोठा वाटा होता. या सर्वांचे वर्णन पुस्तकांतून वाचायला मिळते, म्हणून मी ते इथे लांबवीत नाही.

मला लिहायचे आहे ते ‘श्यामली’विषयी. हे घर 1935 साली मातीचे बांधले गेले. कवीचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि आपले शेवटचे घर मातीत बांधून त्याचे नाव श्यामली ठेवीन, असे त्यांनी त्याच काळातील एका कवितेत आधी लिहून ठेवले होते. भिंती मातीच्या असणे बीरभूम जिल्ह्यात नवलाचे नाही; तिथली खेडी मातीचीच होती. वेगळेपण छपराचे होते. खेड्यातील घरांवर गवताचे छप्पर असे, ते वारंवार शाकारावे लागे आणि एका घराला आग लागली की सगळी वस्ती जळत असे. म्हणून छपरही मातीचे करून पाहावे, ते जमले तर गरिबाला स्वस्तात न जळणारे घर मिळेल, असा तो प्रयोग होता. उष्णता अडवण्यासाठी बांधकामात मातीची मडकी बसवलेली आहेत. बाहेरच्या भिंतींवर नंदलाल बोस आणि कलाभवन या तिथल्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी उठावचित्रे केली आणि त्यात रामकिंकर बैज यांचा हात होता. दाराशी असलेली संथाळ स्त्रीपुरुषांची चित्रे मी किती वेळ पाहत उभा होतो, हे तिथल्या पहारेकऱ्याला विचारावे लागेल.

आणि उभा असतानाच माझ्या मनात आले की या घरात वेगळे काय आहे? मातीची भिंत, मातीचे छप्पर, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार. हे तर आमच्या गावातले माळवद आहे. केज तालुक्यातील ज्या घरात मी वाढलो, ते श्यामलीपेक्षा कितीतरी जुने होते. त्याच्यासमोर कोणी तिकीट काढून उभे राहिले नाही आणि आम्ही भावांनी ते 2006 साली स्वतःच्या हाताने पाडून स्लॅब टाकला.

शांतिनिकेतन 17 सप्टेंबर 2023 रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. नेमका आपला मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस, म्हणून तारीख लक्षात राहिली. लेखकाचे घर जपणे म्हणजे नेमके काय जपणे, आणि श्यामलीकडून आपण मराठवाड्यातील माणसांनी काही घ्यावे का, यावर येथील जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

सिंधफणा

बालाघाटी सर, लेख आवडला. मात्र श्यामलीला माळवद म्हणण्यापूर्वी दोन गोष्टी नोंदवते. माझे वडील गवंडी नव्हते, पण आमच्या घराचे माळवद ते स्वतः करीत, त्यामुळे लहानपणी मी माती वाहिलेली आहे.

आपल्याकडे माळवदाचा भार लाकडावर असतो. खांब, त्यावर तुळई, तुळईवर आडवी लाकडे, त्यावर किलचण म्हणजे लाकडी पट्ट्या, मग पाला किंवा निरगुडीच्या फोका, त्यावर चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी. ही पांढरी म्हणजे कुठलीही माती नव्हे. जुन्या गावठाणाची, पडक्या गढीची, शेकडो वर्षे राख आणि चुना मुरलेली भुरकट माती पाणी झिरपू देत नाही, हे गावातल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक असे. काळ्या रानातली माती वर टाकली असती, तर उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या असत्या आणि पहिल्याच पावसात घरात तळे साचले असते. मिरगाच्या तोंडावर सगळे गाव पांढरीच्या खाणीवर टोपल्या घेऊन जाई. नवा थर चोपून बसवायचा, पाणी बाहेर सोडणाऱ्या पन्हाळाकडे उतार द्यायचा, साणे म्हणजे उजेडासाठी छपराला ठेवलेले भोक, त्याभोवती कडा उंच करायचा. तरीही आश्लेषा-मघांची झड लागली की घरात परात, घंगाळ, पातेले अशी मांडामांड होतच असे.

आता बीरभूमचा पाऊस पाहा. तो आपल्या जवळजवळ दुप्पट आहे आणि तिथली माती लाल, खडकाळ, वाहून जाणारी आहे. तिथल्या ओघळींच्या उघड्या रानाला ते लोक ‘खोआई’ म्हणतात. अशा ठिकाणी मातीचे सपाट छप्पर टाकणे हे कवीचे धाडस होते. आपल्याकडे ते धाडस नव्हते. कमी पाऊस, कडक ऊन, लाकडाची टंचाई आणि हाताशी पांढरी, यांतून पिढ्यांनी काढलेली ती सोय होती. म्हणून श्यामलीचे छप्पर टिकवणे आपल्या माळवदापेक्षा फार अवघड असणार. ते आज उभे आहे याचे श्रेय जितके कवीच्या नावाला, तितकेच पुरातत्त्व विभागाने केलेल्या दुरुस्तीला द्यावे लागेल.

कलाभवनातील ‘कालो बाडी’ आपण पाहिली का? तेही मातीचेच, विद्यार्थ्यांचे वसतिगृह. भिंतींवर उठावचित्रे आणि पावसापासून बचाव म्हणून वर डांबराचा लेप, त्यामुळे सगळे घर काळे. श्यामलीत एक म्हातारा कवी राहिला, तर कालो बाडीत पोरे राहिली. घर कसे वापरले जाते, हे मला त्या दुसऱ्या घरावरून अधिक कळते.

गोदाकाठ

नांदेडचे नाव निघाले म्हणून लिहितो. शांतिनिकेतनाशी मराठी माणसाचा संबंध आपण समजतो त्यापेक्षा जुना आणि घट्ट आहे.

रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेत गेलेले पहिले भारतीय आणि त्यांची न्यायाधीशाची नोकरी मुंबई इलाख्यात झाली. त्यात सोलापूरही होते, म्हणजे धाराशिवच्या वेशीपर्यंत ठाकूर घराणे येऊन गेलेले होते. सत्येंद्रनाथांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले आणि तरुण रवींद्रनाथांनीही काही अभंगांचे भाषांतर केले. 1878 साली विलायतेला जाण्यापूर्वी इंग्रजी सुधारण्यासाठी रवींद्रनाथ मुंबईला आत्माराम पांडुरंग तर्खडांच्या घरी राहिले होते. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी हेच ते आत्माराम पांडुरंग. 1904 सालची शिवाजी महाराजांवरील रवींद्रनाथांची कविता तर आपल्याला माहीत असतेच.

पुढे आश्रमातही मराठी माणसे गेली. भीमराव शास्त्री तिथे शास्त्रीय संगीत शिकवत. विनायक मासोजी कलाभवनात शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. काका कालेलकर 1914-15 च्या सुमारास तिथे होते आणि दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींची व त्यांची पहिली भेट शांतिनिकेतनातच झाली. पु. ल. देशपांडे पन्नाशीत बंगाली शिकायला तिथे जाऊन राहिले, हे येथे कोणाला सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि एक गोष्ट खास आपल्या भागाची. 1927 साली हैदराबादच्या निजामाने विश्वभारतीला इस्लामी विद्येच्या अभ्यासासाठी एक लाख रुपये दिले. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता आणि निजामाचा खजिना कोणाच्या शेतसाऱ्यावर भरत असे, हे आपल्या आज्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते. म्हणजे त्या लाखात दोन-चार रुपये बालाघाटी सरांच्या पणजोबांचेही असावेत. तिकिटात सवलत मागायला हरकत नव्हती.

तेरणाकाठ

वरील सर्वांच्या अभ्यासाविषयी आदर राखून लिहितो. मी किल्लारीजवळच्या गावचा आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. सुमारे दहा हजार माणसे गेली. आमच्या घरातून आजी आणि धाकटी बहीण गेली.

माळवद उन्हाळ्यात गार असते, असे कोणी लिहिले की माझा हात थांबतो. ते गार असते, हे खरे आहे. का गार असते, हेही मला पुढे स्थापत्याच्या पदविकेला शिकताना कळले. वर दीड-दोन फूट माती असते म्हणून. ती माती कुठून आली? सिंधफणाताईंनी वर्णन केल्याप्रमाणे दर वर्षी मिरगाच्या तोंडावर पांढरीचा एक नवा थर टाकून आली. जुना थर सहसा कोणी उतरवत नसे, कारण त्यात श्रम दुप्पट होते आणि तोपर्यंत पाऊस यायचा. पन्नास वर्षे घराची काळजी घेतली की पन्नास थर साचत. भिंती दगडाच्या, पण दगड चिखलात बसवलेले, आतबाहेरचे दोन पदर एकमेकांत न गुंतवलेले. हादरा बसला तेव्हा भिंती फुगून बाहेर पडल्या आणि छप्पर खाली आले. आमच्या घरावर जे कोसळले, ते आजोबांनी आणि वडिलांनी घराची घेतलेली काळजीच होती. हे वाक्य लिहायला मला तीस वर्षे लागली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या घरांत खांब आणि तुळई यांचा सांगाडा मजबूत होता आणि छप्पर भिंतीवर न टेकता खांबांवर होते, त्यांतील काही घरांच्या भिंती पडल्या तरी माळवद वर अधांतरी तसेच उभे राहिले आणि आतली माणसे वाचली. मी अशी दोन घरे डोळ्यांनी पाहिली आहेत. म्हणजे दोष मातीचा एकटीचा नव्हता. पण त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसवली गेली, तिथे सिमेंटची घरे आली आणि मातीच्या छपराखाली झोपायला आमच्याकडे आजही कोणी तयार होत नाही. नव्या घरात मे महिन्यात अंगाची लाही होते म्हणून लोक अंगणात झोपतात, पण माळवद नको म्हणतात.

तेव्हा श्यामली जपावी, जरूर जपावी. तिच्या छपरावर मात्र किती थर आहेत, हे कोणीतरी मोजत असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

बालाघाटी

तेरणाकाठ, आपला प्रतिसाद दोनदा वाचला आणि मग बराच वेळ काही लिहिले नाही. गावचे घर पाडल्याची खंत मी मघाशी जितक्या सहजपणे लिहिली, तितक्या सहजपणे ती आता लिहू शकणार नाही. आम्ही ते पाडले, त्यामागे वडिलांची 1993 नंतरची भीतीच होती; ते मी वर सांगितले नाही, कारण मला ते लिहिताना आठवलेच नाही. माणूस परगावचे घर पाहताना आपल्या घरातली भीती विसरतो.

नागसेनवनी

चर्चा मातीच्या छपरावर स्थिरावली आहे आणि ती मोलाची आहे, परंतु मूळ प्रश्न लेखकाच्या परिसरातील घराचा आणि त्याच्या सांस्कृतिक वारशाचा होता. त्या अंगाने आपल्याच विभागातील एक उदाहरण इथे यायला हवे होते, ते कोणी आणले नाही याचे थोडे आश्चर्य वाटते.

औरंगाबादचे, आता छत्रपती संभाजीनगरचे, नागसेनवन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली तिथे महाविद्यालय सुरू केले, 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरे देतो. परिसराला उत्तर देणाऱ्याचे आणि महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव देणारा माणूस केवळ कायदेपंडित नव्हता, तो फार बारीक नजरेचा लेखक होता. बाबासाहेबांचे स्वतःचे घर म्हणाल, तर ते दादरचे राजगृह, ग्रंथांसाठी बांधलेले. नागसेनवनात त्यांनी स्वतःसाठी पाच घरे बांधली नाहीत. बांधकामाकडे मात्र जातीने लक्ष दिले आणि वर्ग व वसतिगृहे उभी केली.

आता वारसा कसा चालतो ते पाहा. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी मिलिंदच्या विद्यार्थ्यांकरिता ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. पुढे अमेरिकेत राहून कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा अभ्यास करून आलेले म. ना. वानखेडे इथे प्राचार्य झाले आणि त्या साहित्याची चर्चा वसतिगृहाच्या ओट्यापर्यंत पोहोचली. गंगाधर पानतावणे यांनी इथे शिकवता शिकवता ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक उभे केले आणि ते जवळपास पाच दशके चालवले. बीड, परभणी, नांदेडच्या खेड्यांतून ट्रंक घेऊन आलेल्या मुलांनी पहिली कविता या परिसरात लिहिली. शांतिनिकेतनात कवीचे घर मध्यभागी आहे आणि विद्यापीठ त्याच्याभोवती वाढले. नागसेनवनात मध्यभागी वसतिगृहाची खोली आहे. माझ्या वडिलांनी 1968 साली अशाच एका खोलीत चौघांत एक कंदील लावून अभ्यास केला. ती खोली कोणत्याही यादीत नाही आणि तिच्या भिंतीवर पाटीही नाही.

श्यामलीचा अनादर करण्याचा हेतू नाही. परंतु घराला हात जोडून परत येण्याची सवय आपल्याला लवकर लागते. ज्या परिसरात लेखकाचे घर नाही, तिथे निदान हा धोका नसतो.

रात्रवाचन

नागसेनवनी यांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण शांतिनिकेतनाच्या बाबतीत तो पूर्ण लागू होत नाही, असे मला नम्रपणे वाटते. मी तिथे दोन वर्षे शिकायला होते, म्हणून काही गोष्टी आतून सांगू शकते.

तिथे कवीच्या घराला नमस्कार करून परतणारे लोक पर्यटक असतात. तिथे राहणाऱ्यांच्या लेखी रवींद्रनाथ हे घरापेक्षा पंचांगात अधिक आहेत. पौष महिन्याच्या सातव्या दिवशी आश्रमाचा उत्सव आणि जत्रा, जी 1894 पासून भरत आली आहे. पावसाळ्यात वृक्षारोपणाचा समारंभ, जो त्यांनी 1928 साली सुरू केला. त्यात रोपट्याला सजवून पालखीसारखे मिरवत नेतात आणि गाणी म्हणतात. त्याच्या जोडीला श्रीनिकेतनात हलकर्षण, म्हणजे नांगरटीचा सण. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आपल्या पोळ्याची इतकी आठवण आली की मी वसतिगृहात पुरणपोळी करण्याचा घाट घातला. ती कशी झाली, हे विचारू नये. झाडाखाली वर्ग अजून भरतात. पदवीदान समारंभात सातविणीचे पान देण्याची प्रथा आहे, तिकडे त्या झाडाला छातिम म्हणतात. आपल्या शहरांत रस्त्याच्या कडेला जे सप्तपर्णी लावलेले असते आणि ज्याच्या वासाने कित्येकांचे डोके दुखते, तेच झाड. आपल्या झाडाखाली देवेंद्रनाथ ध्यानाला बसले नाहीत, एवढाच फरक.

श्रीनिकेतन हा भाग बहुतेक पाहुणे वगळतात, कारण तिथे ‘पाहण्यासारखे’ थोडे आहे. 1922 साली लेनर्ड एल्महर्स्ट या इंग्रज शेतीतज्ज्ञाच्या मदतीने सुरुल गावी रवींद्रनाथांनी ग्रामसुधारणेचे काम सुरू केले. हिवताप, कर्ज, नापीक जमीन, विणकरांची बेकारी, असे सगळे विषय त्यात होते. बाटिकचे कापड आणि नक्षीच्या चामड्याच्या पिशव्या यांना शांतिनिकेतनाचे नाव चिकटले, त्यामागे त्या कारागिरीच्या शिक्षणाचा मोठा भाग आहे. श्यामलीचे छप्पर म्हणजे कवीची लहर, असे आपल्याकडे काही जण समजतात. ते श्रीनिकेतनाच्या कामाचेच एक अंग म्हणून पाहिले तर अधिक नीट कळते.

एक तक्रारही नोंदवते. 25 मार्च 2004 रोजी संग्रहालयातून नोबेल पदक चोरीस गेले आणि त्यानंतर बंदोबस्त इतका वाढला की घरे दुरूनच पाहावी लागतात. त्यात कोणाला दोष देता येत नाही. पण 1940 च्या फेब्रुवारीत गांधीजी आणि कस्तुरबा ज्या श्यामलीत उतरले होते, तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येऊ नये, याची हळहळ वाटतेच. त्याच भेटीच्या शेवटी रवींद्रनाथांनी गांधीजींच्या हाती एक पत्र दिले आणि माझ्यामागे विश्वभारती सांभाळा, असे मागितले. पुढे 1951 साली तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वारसा कोणाच्या हाती सोपवायचा, ही काळजी त्या माणसालाच आधी पडली होती आणि त्या पत्रात मागणे होते ते संस्थेसाठी.

सिंधफणा

रात्रवाचन, हलकर्षणाची माहिती नवी होती, आभार. तेरणाकाठ यांच्या प्रतिसादावर मात्र मला थांबून उत्तर द्यायचे आहे. आमच्याकडे जुना थर खरवडून मगच नवा टाकण्याची रीत होती. वडील दर तीन-चार वर्षांनी वरची वीतभर माती उतरवत आणि परसात टाकत. ती इतकी खारट असे की तिथे काही उगवत नसे. ही रीत सगळीकडे असती, तर काय झाले असते, हे बोलण्यात अर्थ नाही. पण रीत अस्तित्वात होती आणि ती का मोडली, याचे उत्तर मला एकच सुचते. घरातली कर्ती माणसे ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईला जाऊ लागली. थर उतरवायला दोन दिवस आणि चार माणसे लागतात. नवा थर वरून टाकायला एक दिवस आणि एक म्हातारा पुरतो.

तेरणाकाठ

हे मला ठाऊक नव्हते. आमच्याकडे तसे कोणी करीत असल्याचे मी ऐकलेले नाही, पण माझे ऐकण्याचे वय तेव्हा नऊ होते. आमच्या घरातही कर्ता पुरुष एकटे आजोबाच होते आणि वडील सोलापूरला गिरणीत होते. आपण सांगितलेले कारण जुळते.

बालाघाटी

सर्वांचे आभार. गेल्या रविवारी गावी जाऊन आलो, त्याचा वृत्तान्त देतो.

आमच्या गावात आता एकच माळवद उरले आहे. तिथे एक आजी एकट्या राहतात, वय ऐंशीच्या पुढे. ढाळज म्हणजे दारालगतची ओसरी, आत दोन खण, देवळी, साण्यातून येणारा उजेडाचा कवडसा, सगळे जागच्या जागी आहे. भिंतीला अजून पोतेरा दिलेला असतो. दाराच्या दोन्ही बाजूंना चुन्याने काढलेले मोर आहेत. ते आजींनी स्वतः काढले आहेत आणि दर दिवाळीला त्या नव्याने काढतात. रामकिंकर बैज यांचे नाव त्यांनी ऐकलेले असण्याचे कारण नाही. मी शांतिनिकेतनात काढलेली श्यामलीची छायाचित्रे त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बारकाईने पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘पन्हाळ कुठंय?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. छायाचित्रांत मी उठावचित्रेच काढली होती.

मग शेजारच्या मुलाला शिडीवरून वर चढवले आणि साण्याच्या कडेला दोरी सोडून थराची जाडी मोजून घेतली. एक हात आणि वर चार बोटे भरली. आजींना विचारले की माती कधी उतरवली होती का, तर त्या म्हणाल्या की त्यांचे मालक होते तोवर उतरवत, ते जाऊन बावीस वर्षे झाली. पांढरीची जुनी खाणही आता राहिली नाही. त्या जागी घरकुले झाली आहेत. आजी गेली काही वर्षे ओढ्याकाठची माती आणून वर पसरतात.

तेरणाकाठ

सर, एक हात चार बोटे म्हणजे साधारण पावणेदोन फूट धरा. एवढ्या मातीचे वजन तुळईवर आहे. खांब जमिनीलगत वाळवीने पोखरले आहेत का, ते टोकदार सळईने टोचून पाहा आणि आतल्या खणात छप्पर भिंतीवर टेकले आहे की खांबांवर, तेही पाहा. मिरगाला अजून वेळ आहे. मी पुढच्या शनिवारी येऊ शकतो, सोबत दोन माणसे आणतो. वरचा हातभर थर उतरवू आणि चार बोटे ठेवू. सिंधफणाताईंनी उताराचे माप सांगावे. तोपर्यंत आजींना आतल्या खणात झोपू देऊ नका, ढाळजेत अंथरूण घालायला सांगा.

सिंधफणा

पन्हाळाकडे हातामागे एक बोट उतार ठेवा, त्याहून जास्त नको, नाहीतर माती वाहून जाते. ओढ्याची माती पूर्ण काढा. पांढरी हवी असेल, तर आमच्या गावच्या पडक्या गढीची अजून शिल्लक आहे. ट्रॅक्टरची एक खेप मी भरून ठेवते. आणि पन्हाळाचे छायाचित्र या वेळी आठवणीने काढा.